दुहेरी टाका

त्या एका फोनमधून कापसाला तीन गोष्टी मिळत होत्या, आणि तिन्ही फुकटात. पहिली म्हणजे सोफ्याचं काम, तेही साऱ्या जगाने टीव्हीवर बघावं असं. दुसरी, गेली दोन वर्षं सगळी वस्ती ज्याला बघून फिदीफिदी हसत होती, त्याच्याबद्दल शेवटच्या भागात लोकांना वाईट वाटणार होतं. तिसरी गोष्ट त्याने स्वतःशीही जरा दबकतच मोजली. मुलीच्या नजरेत आपला भाव थोडा वधारणार होता. बदल्यात द्यायची होती फक्त एक जुनी हकिकत. ती ज्यांच्याबद्दल होती ते हरकत घ्यायला येण्यासारखे नव्हते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"ऐकतोयस ना रे?" फोनवर त्याचा शाळेतला दोस्त पेन्सिल विचारत होता.

"ऐकतोय. तोंडात खिळे आहेत."

"अजून तोंडातच धरतोस? अगदी बापावर गेलायस. बरं, ते काढ आणि नीट ऐक. आपल्या मालिकेच्या शेवटच्या भागात भुशाचा बाप त्याची बॅग सोफ्याच्या पोटात शिवून टाकतो. सकाळी सगळे बसमध्ये, भुसा सोफ्यावर. तुझीच गोष्ट, जशीच्या तशी. चॅनेलवाले वाचून आधी हसले आणि मग रडले. हे लोक पगाराच्या दिवशीही हसत नाहीत, सांगतो तुला."

"बरं," कापूस म्हणाला. आयुष्यातल्या बहुतेक महत्त्वाच्या प्रसंगी तो हेच म्हणाला होता.

"मला दोन गोष्टी दे. तस्सा सोफा बनवून दे, जुना दिसणारा. आणि आमच्या नटाला शिवायला शिकव. तुझे बाबा कसे शिवायचे, दाभण कसं धरायचे. त्याला दाभण आणि चमचा यातलं काही कळत नाही."

कापूस हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. वडिलांचं सोफे आणि गाद्यांचं दुकान, दुकानाच्या वरच घर, आणि शाळेत जाताना पोराच्या केसांत रोज कापसाचे पुंजके. नाव पडायला आणखी काय लागतं? त्याच्या टोळक्यात बाकीचेही असेच होते. पेन्सिल, ज्याच्या कानावर कॅसेटची गुंतलेली फीत गुंडाळायला कायम एक पेन्सिल असे. शिट्टी, जी दोन बोटं तोंडात घालून अख्खी गल्ली दारात आणू शके. आणि ब्रेक, ज्याच्या सायकलला ते नव्हते. चौघांचा अड्डा दुकानाच्या मागच्या खोलीत, एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकून पुन्हा कधीच न नेलेल्या हिरव्या सोफ्यावर. शहराच्या टोकाची ती वस्ती, सगळी घरं एकसारखी, सगळी दारं एकाच रंगाची. बसचा शेवटचा थांबा तिथेच होता, त्यामुळे येणारी प्रत्येक बस रिकामी होऊनच परत फिरे. शाळा संपली की चौघांनी त्या बसमध्ये चढायचं आणि परत यायचं नाही, असा ठराव सोफ्यावर कितीतरी वेळा झाला होता. त्यांतले तिघे खरंच चढले.

पेन्सिल लेखक झाला. बरीच वर्षं काय काय लिहून झाल्यावर त्याला आपलं लहानपण आठवलं आणि त्याने ते विकायला काढलं. "चार जण आणि एक सोफा" या नावाची विनोदी मालिका, वायरचे फोन आणि गुंतणाऱ्या कॅसेटी असलेल्या काळातली. ती चालली. इतकी चालली की तो काळ ज्यांनी पाहिलाच नव्हता तेही तो आठवून हळवे होऊ लागले.

मालिकेत थोडीफार उलटापालट झाली होती. मागची खोली वाढून चांगली ऐसपैस झाली होती. पेन्सिल चांगला वीतभर उंच झाला होता, आणि शिट्टीने जन्मभरात काढलेले सगळे तिखट उद्गार आता त्याच्या तोंडी होते. कापसाचा झाला होता भुसा. हा भुसा प्रत्येक गोष्टीला सगळ्यांच्या मागून पोहोचायचा आणि डोळे मोठे करून विचारायचा, "म्हणजे काय?" की मागून टेपवर साठवलेलं हसू फुटायचं. आपण असं कधी म्हणत होतो हे कापसाला आठवत नव्हतं. म्हणत नव्हतो, हेही छातीठोक सांगता येत नव्हतं. गंमत अशी की हल्ली तो खरंच म्हणू लागला होता. गिऱ्हाईक म्हणालं, "फोम जरा कडक टाका," की तोंडातून निघून जाई, "म्हणजे काय?" आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाई.

भुशाचा बाप हे मालिकेतलं सगळ्यात लाडकं पात्र. झुपकेदार मिशा, पोट, हातात लाकडी पट्टी, आणि आरोळी अशी की पडद्यावरच्या कपबशा वाजाव्यात. कापसाचे वडील काटकुळे होते. मिशी नव्हती. आवाज तर असा की गिऱ्हाइकांना "काय म्हणालात?" असं दोनदा विचारावं लागे.

पण बॅग त्यांनीच शिवली होती. निदान ही एक गोष्ट पक्की होती.

---

"खरंच शिवली होती आजोबांनी?" संध्याकाळी मुलीने विचारलं.

ती अठरा वर्षांची होती आणि तिला दूरच्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पुढच्या आठवड्यात निघायचं होतं. तिच्या खोलीत नवी बॅग पसरली होती, आणि ती रोज त्यात चार कपडे भरून तीन बाहेर काढत होती.

"मग? खोटं सांगतोय का?" कापसाने खुर्ची पुढे ओढली. ही गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली होती की ती आता त्याच्या आधीच तोंडातून चालू पडत असे. "मी घरी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर दुकान कोण बघणार, हा प्रश्न आला असता. म्हणून बॅग भरली आणि सोफ्याच्या पोटात लपवली. त्याचं खालचं बारदान फाटलेलंच होतं. सकाळी उठून बघतो तर बारदान नवं. या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवलेलं. आणि बाबा शांतपणे समोर बसून दुसऱ्या खुर्चीला खिळे मारतायत!"

"लग्नात ऐकली तेव्हा सोफा दोन माणसांचा होता," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "आता चार माणसं बसतात. आणखी दहा वर्षांत त्यात बसच शिवलेली असेल."

"तू गप्प बस गं."

"मी गप्पच असते. टाके मोजते नुसते."

कोपऱ्यात आजी टीव्हीसमोर बसली होती. मालिकेचा जुना भाग लागला होता. मिशीवाला बाप पट्टी घेऊन भुशाच्या मागे धावत होता. आजीची नजर त्याच्यावर मायेने खिळली होती.

"यांनी मिशी कधी ठेवली गं?" तिने नातीला विचारलं.

"आजी, ते आजोबा नाहीत. नट आहे तो."

"ते कळतं मला," आजी दुखावून म्हणाली. "पण शोभते." मग थोड्या वेळाने, कुणाकडेही न बघता, "बारदान संध्याकाळी शिवलं होतं. दिवे गेले होते. मी कंदील धरला होता."

"बघा!" कापूस विजयाने म्हणाला. "साक्षीदार आहे."

त्याच्या आनंदात कुणी फारसं सामील झालं नाही.

---

दुसऱ्या दिवशी मुलगी दुकानात आली आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. लहानपणी तिथेच बसून अभ्यास करायची. काही वेळ तिने बटणांच्या डब्यात हात फिरवला.

"बाबा, एक मागू?"

"पैसे सोडून काहीही माग."

"मला अडवा ना."

कापसाच्या हातातली कात्री थांबली. "म्हणजे काय?"

मुलगी हसली नाही, एरवी हटकून हसली असती. "म्हणजे जाऊ नकोस म्हणा. आजी म्हातारी झालीय म्हणा, आईला एकटीला झेपत नाही म्हणा. आरडाओरडा करा थोडा, टीव्हीतल्या आजोबांसारखा. म्हणजे मी रडेन, भांडेन, दोन दिवस जेवणार नाही. आणि राहीन."

"तुला जायचं नाहीये?"

"जायचंय."

"मग?"

"भीतीही वाटतेय. आणि भीती वाटली म्हणून राहिले, असं कुणाला सांगू? मैत्रिणी काय म्हणतील? तुमचं बरं होतं. तुम्हाला आजोबा होते."

हे ऐकून काय वाटायला हवं, ते कापसाला ठरवता येईना. आधी बरं वाटलं, मग कुठेतरी दाभण टोचल्यासारखं झालं. तो म्हणाला, "बघू." मुलीने ते "बरं"च्या जवळपासचं काहीतरी समजून घेतलं आणि ती उठून गेली. जाताना बटणांचा डबा उघडाच राहिला.

---

तसाच सोफा बनवायचा तर आधी खरा सोफा बघायला हवा होता. तो होता तिथेच, मागच्या खोलीत, काथ्याच्या पोत्यांखाली. इतक्या वर्षांत कापसाने तो कधी उघडला नव्हता. सुरुवातीला रागाने, मग सवयीने, नंतर त्याच्यावर पोती होती म्हणून. वडील गेले त्या वर्षी, आजारपणात, त्यांनी एकदा त्यांच्या त्या पुटपुटत्या आवाजात विचारलं होतं, "तो हिरवा सोफा उघडू या का एकदा?" कापूस म्हणाला होता, "राहू दे." त्या दोघांमधलं ते बऱ्यापैकी लांब संभाषण होतं. एरवी एका बाकावर बसून, वडील डाव्या टोकाला आणि हा उजव्या, वर्षानुवर्षं त्यांचं बोलणं "धागा", "कात्री" आणि "झालं" एवढ्यावर भागत असे. ज्याने आपली बस चुकवली त्याच्याशी याहून जास्त काय बोलायचं, असा कापसाचा हिशेब होता. वडिलांचा काय होता, ते त्याने कधी विचारलं नाही.

त्याने पोती हलवली आणि सोफा पालथा केला. धुळीने खोकला आला. बायको दारात येऊन उभी राहिली. "दोन माणसांचाच आहे की," ती म्हणाली आणि समाधानाने निघून गेली.

बारदान पिवळं पडलं होतं, पण घट्ट होतं. कापसाने दिवा जवळ घेतला. नटाला दाखवायला वडिलांचा टाका नीट बघून ठेवायला हवा. वडील डावखुरे. त्यांचा टाका लांब, एका बाजूला कललेला, जणू वाऱ्यात उभा असल्यासारखा. गावभर जुन्या खुर्च्यांच्या पोटाला तो टाका अजून दिसे आणि कापूस लांबून ओळखे.

हा टाका कललेला नव्हता.

तो आखूड होता, सरळ होता आणि दुहेरी होता. प्रत्येक टाक्यावर मागे जाऊन पुन्हा एक टाका. एकाही ठिकाणी विश्वास नाही. असं शिवणारा माणूस या दुकानात एकच होऊन गेला होता, म्हणजे अजून होता. हात बसेपर्यंत कापूस तसाच शिवायचा. सुटेल या धास्तीने प्रत्येक टाका दोनदा. वडील बघायचे आणि म्हणायचे, "टाके घालतोयस की माफी मागतोयस?" त्यांनी केलेला बहुधा हा एकमेव विनोद.

कापूस जमिनीवर बसला. त्याने बोटाने टाके चाचपले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलटे. शेवटी त्याला हवी ती गाठ सापडली, तीही दुहेरी. मग त्याने विचार केला की दुसऱ्या कुठल्या सोफ्याशी आपली गल्लत झाली असेल. दुसरा सोफा नव्हता. मग वाटलं, वडिलांनी मुद्दाम आपल्यासारखं शिवलं असेल. कशाला शिवतील? मग त्याने ब्लेड घेऊन एक टाका उसवला. आतून बॅगेचा निळा कोपरा दिसला, बसून बसून पोळीसारखा चपटा झालेला. चौघं काही त्या दिवसानंतर त्यावर बसले नव्हते. पण कापूस बसला होता, बरीच वर्षं, एकटाच, दुपारचा.

बॅग त्याने बाहेर काढली नाही. तो वर गेला.

---

"आई, बारदान शिवलं तेव्हा कंदील कुणासाठी धरला होतास?"

आजीने टीव्हीचा आवाज कमी केला. हे ती क्वचित करी.

"कुणासाठी म्हणजे? शिवणाऱ्यासाठी."

"कोण शिवत होतं?"

"तू."

"नीट आठव. बाबा?"

"हे दारात उभे होते. मी म्हटलं, अहो, त्याची बॅग आहे आत, तो काय करतोय बघा. तर म्हणाले, माहितेय मला. कालपासून माहितेय. म्हणाले, त्याचं त्याला शिवू दे, नाहीतर उसवू दे. आपण मधे पडायचं नाही."

"तेव्हा मिशी होती त्यांना?" कापसाने विचारलं. त्याला साक्षीदार तपासून घ्यायचा होता.

"मिशी!" आजीने त्याच्याकडे वेडा आहेस का अशा नजरेने पाहिलं. "त्यांना कुठली मिशी? मिशी याला आहे," आणि तिने टीव्हीकडे बोट केलं.

"मग बाबांनी शिवलं हे कोण म्हणालं?"

"तूच की. सकाळी पेन्सिल पळत आला होता बोलवायला. त्या शिट्टीने म्हणे बससमोर उभं राहून बस धरून ठेवली होती. तू बाकावर बसलेला. तो म्हणाला, चल की. तू म्हणालास, बाबांनी माझी बॅग सोफ्यात शिवून टाकली. हे तिथेच बसले होते, तुझ्या शेजारी."

"मग? काही बोलले नाहीत?"

"तोंडात खिळे होते त्यांच्या."

"खिळे काढून ठेवायला कितीसा वेळ लागतो, आई?"

"तेच मी विचारलं नंतर." आजीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तर म्हणाले, पोराला सांगायला काहीतरी हवं ना. माझं नाव सांगितलंन, सांगू दे. आणि मग तू सांगतच राहिलास. मला वाटलं, एक दिवस थांबशील."

तिने टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. पडद्यावर मिशीवाला ओरडत होता आणि लोक हसत होते.

कापूस तिथेच उभा राहिला. त्याला ती संध्याकाळ आठवेना. वडील वाकून शिवतायत, त्यांचा डावा हात वरखाली होतोय, हे मात्र स्वच्छ आठवत होतं. कंदिलाचा उजेडसुद्धा. ते चित्र त्याने इतक्यांदा उगाळलं होतं की त्यावर रंगही चढला होता. आता त्यातल्या वडिलांच्या जागी स्वतःला बसवून बघितलं, तर बसणारा उजव्या हाताने शिवू लागे, पण चेहरा दिसत नसे. का शिवत होता तो? घाबरून? दुकानाच्या काळजीने? की जायचं नाही हे त्याला मनातून कळलं होतं आणि तोंडाला अजून कळायचं होतं? ब्लेड तर हाताशीच होतं. सकाळीही होतं.

---

मुलीला त्याने सोफा दाखवला. पालथा, दिवा जवळ धरून.

"हा टाका बघ. आणि हा या खुर्चीचा, आजोबांचा. आणि हा माझा, तेव्हाच्या एका उशीचा."

ती तिन्हींवरून बोट फिरवत राहिली. हुशार होती. वर बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भुशाचा सुप्रसिद्ध प्रश्न होता, पण तिने तो विचारला नाही.

"म्हणजे तुम्हाला कुणीच अडवलं नव्हतं?"

"असं दिसतंय."

"मग का नाही गेलात?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही?"

"काल माहीत होतं. आज नाहीये."

मुलगी गठ्ठ्यावर बसली. "मग चुकलं का तुमचं?"

"तेही सांगता येत नाही गं. गेलो असतो तर तुझी आई भेटली नसती, तू नसतीस. न जाऊन फार वाईट झालं असंही नाही. वाईट झालं ते नंतर. सांगायला बाबांचं नाव घेतलं, ते." त्याने दिवा खाली ठेवला. "तू राहा नाहीतर जा. खरंच. इथे काम आहे, तिथे कॉलेज आहे, दोन्ही बरं आहे. पण मी अडवणार नाही. तुला सांगायला काहीतरी हवं म्हणून मी माझं नाव देणार नाही."

"किती दुष्ट आहात," ती म्हणाली आणि रडायला लागली. जरा वेळाने डोळे पुसत तिने विचारलं, "आत काय काय आहे?"

दोघांनी मिळून उरलेले टाके उसवले. दुहेरी असल्यामुळे वेळ लागला. बॅगेत दोन शर्ट, एक टॉवेल, कंगवा आणि एक कॅसेट होती. कॅसेटची फीत बाहेर येऊन गुंतली होती.

"एवढंच?" मुलगी म्हणाली. "एवढंच घेऊन निघाला होतात?"

"मला पण जास्त वाटलं होतं," कापूस म्हणाला.

---

"बाबांनी शिवली नव्हती," त्याने पेन्सिलला फोनवर सांगितलं.

"म्हणजे काय?" पेन्सिल म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"मी शिवली होती. माझा टाका आहे. आईपण तेच म्हणते."

पलीकडे पेन्सिलने कागद उलटल्याचा आवाज आला. मग, "का?"

"माहीत नाही."

"अरे, माहीत नाही काय? नायक आपली बॅग आपणच शिवतो आणि त्याला कारण माहीत नाही? बघणारे गोंधळून जातील."

"मीही गोंधळलोय."

"तू गोंधळ रे, तुझा भाग दर मंगळवारी लागत नाही." पेन्सिलने मोठा श्वास सोडला. "हे बघ. तुझे बाबा तर आता नाहीत. त्यांना काय फरक पडणार आहे? लोकांना तो माणूस आवडतो. जाता जाता एकदा रडवेल सगळ्यांना."

"त्यांनी नाही शिवली, पेन्सिल."

"मग मी काय लिहू? बस निघते आणि भुसा कुठे असतो?"

कापसाने खिडकीबाहेर पाहिलं. थांब्यावर एक बस रिकामी होत होती.

"लिही, त्याला झोप लागली."

"झोप? अरे, सगळी दुनिया हसेल तुला. दोन वर्षं ज्याला मूर्ख दाखवला, तो शेवटीही झोपून राहिला? तुझी मुलगी बघते ना मालिका?"

"बघते."

"आणि मग बाप शिवत नाही म्हटल्यावर मला सोफा लागणार नाही. आहे तोच चालेल. नटाला शिकवायलाही नको. कळतंय ना?"

"कळतंय."

पेन्सिल मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, कानावर पेन्सिल असायची तेव्हाच्या, "बसमध्ये आख्खा रस्ता मी तुझ्या बापाला शिव्या देत होतो रे. शिट्टी रडत होती."

"मी इथे देत होतो," कापूस म्हणाला. "मनातल्या मनात. पण रोज."

---

मुलगी सकाळच्या बसने गेली. नव्या बॅगेत चार कपडे भरले आणि या वेळी एकही बाहेर काढला नाही. थांब्यावर तिने दोनदा विचारलं, "अडवणार नाही ना? नक्की?" बायको म्हणाली, "चढ आता, नाहीतर मीच अडवेन." बस निघाली तेव्हा मुलीने काचेतून हात केला की डोळे पुसले, ते दोघांना दोन वेगळ्या तऱ्हेने दिसलं, आणि त्यावरून घरी येईपर्यंत वाद झाला.

शेवटचा भाग लागला तेव्हा आजी पुढे, बायको मागे आणि कापूस दाराशी उभा. भुसा सोफ्यावर तोंड उघडं टाकून घोरत होता. बाहेर शिट्टी वाजत होती. मिशीवाला बाप हळूच आला. आरोळी नाही, पट्टी नाही. त्याने पोराच्या अंगावर पांघरूण घातलं, खिडकीतून निघून जाणारी बस बघितली आणि दिवा मालवला. एवढंच पेन्सिलने आपल्या मनचं घातलं होतं. मागचं हसू तिथे वाजलं, पण जरा उशिरा, ते ठेवावं की काढावं हे कुणाला ठरवता न आल्यासारखं.

"हे असेच होते," आजी म्हणाली. "फक्त मिशी नव्हती."

मुलीचा फोन आला. आवाजामागे बऱ्याच मुलींचा गलका होता. "बघितलं. इथे सगळ्या बघत होत्या. खूप हसल्या भुशाला."

"आणि तू?"

"मी सांगितलं त्यांना की ते माझे बाबा आहेत."

"मग?"

"मग आणखी हसल्या," मुलगी म्हणाली, आणि तीही हसली की नाही ते गलक्यात कळलं नाही.

हिशेब मांडलाच तर पेन्सिलला त्याचा शेवट मिळाला आणि लोकांना हसू. मुलीला तिचं शहर मिळालं, भीतीसकट. सोफ्याचं काम गेलं. वस्तीला वाईट वाटायचं होतं, तेही राहिलं. हिरवा सोफा कापसाने नव्या बारदानाने बंद केला, एकेरी टाक्याने, आणि दुकानात दर्शनी ठेवला. या सगळ्याची किंमत मोजली ती एका काटकुळ्या माणसाने, केव्हाच आणि पूर्ण. उरलं होतं ते थोडं, वरचं, आणि ते आता दर चार दिवसांनी एकदा रस्त्यावरून वसूल व्हायचं. शाळेतून घरी जाणारी पोरं दुकानासमोर थांबायची आणि एका सुरात ओरडायची,

"भुशा, ऊठ! बस गेली!"

कापूस बाकाच्या डाव्या टोकाला बसलेला असे. तो मान वर करून त्यांच्याकडे बघे, आणि काही बोलत नसे. त्याच्या तोंडात खिळे असत.